जुन्या तुकड्यांच्या क्विल्टमधला भडक पिवळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या जुन्या क्विल्टचे फोटो आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्यांच्या गटांत फिरू लागले, तेव्हापासून प्रश्नही येत आहेत. त्यांतले बरेचसे एकाच रंगाभोवती फिरतात. तपकिरी, राखाडी, विटक्या गुलाबी तुकड्यांमध्ये अचानक एक झळझळीत पिवळा चौकोन दिसतो आणि नजर तिथून हलत नाही. मला हा रंग मनापासून आवडतो, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. जिथे एकाच गोष्टीचा दोनदा संबंध येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्क्रॅप क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच ना?

नातं जवळचं, बांधणी वेगळी. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरतात, वर ठिगळं ठेवतात आणि धावदोऱ्याने सगळं एकदम शिवून काढतात. तुकडा जोडणं आणि थर एकत्र धरणं ही दोन्ही कामं तोच टाका करतो. अमेरिकन पद्धतीत ही कामं वेगळी होतात. आधी नुसते तुकडे एकमेकांना जोडून वरचा थर पुरा करतात. मग खाली कापसाचा पातळ थर, त्याखाली अस्तर, आणि तिन्हींतून जाणारे बारीक टाके. कडेला गोट. वरच्या थरात दोन-चारच ठरवलेली कापडं न वापरता शिवणकामातून उरलेले असंख्य तुकडे वापरले, की त्याला स्क्रॅप क्विल्ट म्हणतात. त्यातही 'चार्म क्विल्ट' नावाचा एक हौशी प्रकार आहे. त्यात एकही कापड दोनदा येऊ द्यायचं नसतं. १८७० ते १९०० या काळात त्याची मोठी लाट होती.

२. दीडशे वर्षांपूर्वी एवढा झगझगीत पिवळा आला कुठून? तेव्हा तर रंग झाडापानांतून काढत.

काढत होतेच. युरोपात वेल्ड नावाची वनस्पती होती, अमेरिकेतून फस्टिकचं लाकूड जाई, आणि अमेरिकेतल्या काळ्या ओकच्या सालीतून क्वेर्सिट्रॉन मिळे. अठराव्या शतकात एडवर्ड बॅन्क्रॉफ्टने तो इंग्लंडच्या रंगकामात रुजवला. हे पिवळे सुंदर होते, पण कोणी हिरवट, कोणी मातकट, आणि उन्हापुढे बहुतेक दुबळे.

१७९७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला वोक्लँ याने सैबेरियातून आलेल्या एका लाल खनिजातून नवं मूलद्रव्य शोधलं. त्याच्या प्रत्येक संयुगाचा रंग वेगळा, म्हणून ग्रीक भाषेतल्या रंगवाचक शब्दावरून त्याला क्रोमियम नाव पडलं. त्यातलं एक संयुग, लेड क्रोमेट, हाच आपला पिवळा. १८२० च्या सुमारास फ्रान्समधल्या अल्सेस प्रांतातल्या म्यूलूझ शहराच्या कापड छापणाऱ्यांनी तो सुती कापडावर आणला.

कृती मोठी देखणी आहे. कापड आधी शिशाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवायचं, मग पोटॅशियम बायक्रोमेटच्या पाण्यात बुडवायचं. दोन्ही क्षार पाण्यात विरघळलेले असतात. ते धाग्यात एकत्र आले की न विरघळणारं लेड क्रोमेट तयार होतं आणि तिथेच अडकून बसतं. म्हणजे हा रंग धाग्यावर चढवलेला नसतो, धाग्यातच तयार झालेला असतो. म्हणून धुण्यात तो इतका टिकला.

अमेरिकेच्या बाबतीत आणखी एक जुळून आलं. बाल्टिमोर शहराजवळच्या टेकड्यांत क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, सापडलं. आयझॅक टायसन या उद्योजकाने त्याच्या खाणी चालवल्या आणि १८४५ मध्ये बाल्टिमोरमध्येच क्रोमचा कारखाना काढला. ज्या पेन्सिल्व्हेनियात हा पिवळा सर्वांत जास्त नांदला, ते राज्य तिथून लागूनच आहे.

३. 'चेडर' कोणता, 'बटरस्कॉच' कोणता? पिवळा आणि नारिंगी यांत एवढा गोंधळ का?

कारण रसायनाच्या दृष्टीने दोन्ही भावंडं आहेत. पिवळं झालेलं कापड उकळत्या चुन्याच्या पाण्यातून काढलं की ते नारिंगी होतं. तोच क्रोम ऑरेंज. आजचे क्विल्टवाले त्याला चेडर चीजच्या रंगावरून 'चेडर' म्हणतात. पण हे नाव नंतरचं आहे, शिवणाऱ्या बायकांच्या तोंडचं नव्हे. बारीक तपकिरी, लाल किंवा काळी नक्षी छापलेल्या उबदार पिवळ्याला 'बटरस्कॉच' म्हणण्याची पद्धत आहे.

चुन्यात कापड किती वेळ राहिलं, पाणी किती तेज होतं, यावर लिंबू रंगापासून गडद झेंडूपर्यंत छटा मिळत. म्हणून या पानावर मी 'पिवळा' म्हणते तेव्हा ही सगळी शिडी धरली आहे.

४. हा पिवळा सगळ्या अमेरिकेत होता, की ठरावीक भागातच?

कापड सगळीकडे विकलं जाई, पण जीव लावला तो पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या लोकांनी. बर्क्स, लीहाय, लँकेस्टर या काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) अठराव्या शतकात जर्मनभाषक प्रदेशांतून येऊन स्थिरावलेली ही शेतकरी घराणी. त्यांच्या रंगवलेल्या पेट्या आणि जन्म-विवाहाचे चितारलेले दाखले पाहिले तर लाल-पिवळ्याची हौस लगेच कळते. इतर ठिकाणी क्विल्टची जमीन पांढरी असे, त्यात रंगीत आकार. यांनी पांढऱ्याला सुट्टी दिली आणि जमीनच पिवळी किंवा नारिंगी केली. शेजारी 'डबल पिंक' म्हणजे गुलाबीवर गुलाबी बारीक छापा, तुर्की लाल, गडद हिरवा. ऐकताना भीती वाटते, पण पाहताना आनंद होतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पेन्सिल्व्हेनिया म्हटलं की आपल्या लोकांना आमिश, म्हणजे जुन्या साध्या रीतीने राहणारे ख्रिस्ती पंथाचे लोक, आठवतात. लँकेस्टरच्या आमिश क्विल्टमध्ये एकरंगी कापडांचा थाट असतो, पण त्यांत पिवळा क्वचितच दिसतो. पिवळ्याची चैन केली ती त्यांच्या ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड पंथाच्या शेजाऱ्यांनी.

दक्षिणेत, विशेषतः नॉर्थ कॅरोलायनात, १८८० नंतर हा नारिंगी पुन्हा जोरात दिसतो. तिथल्या क्विल्टमध्ये एक गंमत आहे. ती आठव्या प्रश्नात आली आहे.

५. एका छोट्या पिवळ्या तुकड्याने सगळं क्विल्ट कसं काय बदलतं?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न.

तुकड्यांच्या क्विल्टची नक्षी रंगावर कमी आणि फिकट-गडद या फरकावर जास्त उभी असते. त्रिकोण दिसतो तो त्याच्या बाजूचा त्रिकोण जास्त गडद असतो म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिकटाची जागा बहुधा सदऱ्यांच्या कापडाकडे असे, पांढऱ्यावर बारीक रेघा किंवा ठिपके. गडदाची जागा मंजिष्ठाच्या तपकिरीकडे, निळीकडे, सुतकातल्या काळ्या-राखाडी छाप्यांकडे. या वाटणीत जे फिकट आहे ते जवळजवळ बिनरंगी, आणि ज्याला रंग आहे ते गडद.

पिवळा ही वाटणी मोडतो. लाल किंवा निळा पुरा गडद झाला की काळोखाकडे झुकतो. पिवळा मात्र रंगाने गच्च भरलेला असतानाही उजळच राहतो. त्याचं कारण डोळ्यांत आहे. भरउजेडात माणसाची नजर सर्वांत तीक्ष्ण असते ती ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळट हिरव्या प्रकाशाला. पिवळं कापड मुख्यतः निळा भाग गिळतं आणि हिरव्यापासून लालपर्यंतचा सगळा पट्टा परत पाठवतं. म्हणजे तो तुकडा पांढऱ्याचं काम करतो आणि तरी रंग राहतो. सदऱ्याचं कापड नक्षी दाखवून मागे सरतं. पिवळा नक्षीही दाखवतो आणि स्वतःही समोर येतो.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगकामावर देखरेख करणाऱ्या मिशेल यूजेन शव्हरलकडे काळ्या रंगाची तक्रार आली होती, की गालिच्यात तो काळा दिसत नाही. त्याला आढळलं की रंगात खोट नाही, बाजूच्या रंगामुळे तो तसा दिसतो. १८३९ मध्ये त्याने हा नियम मांडला. प्रत्येक रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. पिवळ्याच्या विरुद्ध निळा-जांभळा. म्हणून पिवळ्याला लागून ठेवलेला मळकट राखाडी एकदम निळसर दिसतो, निळीचा तुकडा खोल होतो, विटलेल्या तपकिरीत जांभळी झाक येते. पिवळा तुकडा काढून घ्या, तेच शेजारी पुन्हा मळके. एखाद्या जुन्या क्विल्टच्या फोटोत पिवळ्यावर बोट ठेवून झाका आणि काढा, हे लगेच कळेल.

मला यात जो आनंद मिळतो तो हा, की भडक तुकडा इतरांना झाकोळत नाही. उलट ज्यांच्याकडे कोणी पाहिलं नसतं अशा चिंध्यांना तो रंग मिळवून देतो.

६. मग मी शिवताना पिवळा किती घालू?

पहिल्यांदा घालत असाल तर थोडा घाला, पण फिका घालू नका. 'पिवळा जरा जपून' म्हणत लोक लोणी रंग निवडतात. त्याने काहीच घडत नाही, तो क्रीममध्ये मिसळून जातो. चार-पाच तुकडेच ठेवा, पण पूर्ण दमाचे.

ठेवताना समान अंतर राखू नका. दोन जवळ, एक लांब कोपऱ्याकडे, एक कडेला अर्धा कापलेला, असं असलं की नजर त्यांना जोडत सगळीकडे फिरते. अगदी मधोमध एकच ठेवला तर मात्र तिथेच खिळते.

मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढून बघा. लिंबूपिवळा जवळजवळ पांढरा दिसेल, चेडर मध्यम राखाडी. त्यावरून कळतं की नक्षीत त्याला फिकटाची जागा द्यायची की मधली. आणि निवड दिवसाउजेडी करा. पिवळसर बल्बखाली पिवळा आणि पांढरा सारखेच भासतात.

ज्यांना हे जमलं आहे त्यांनी पुढची पायरी घ्यावी: चौथ्या प्रश्नातल्या बायकांसारखी जमीनच पिवळी करावी.

७. जुन्या क्विल्टमध्ये मधेच पिवळ्याची छटा बदलते, किंवा एका कोपऱ्यातच पिवळा असतो. चूक, की मुद्दाम?

बहुतेक वेळा कापड संपलं. दोन्ही बाजूंना तीच नक्षी, पण एका बाजूला लिंबू आणि दुसऱ्या बाजूला चेडर, याचं सरळ कारण हेच, की पहिला तुकडा पुरला नाही आणि दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या घाण्यातून रंगलेलं कापड आणलं.

'फक्त देवच निर्दोष, म्हणून बायका मुद्दाम एक चूक ठेवत', ही गोष्ट खूप सांगितली जाते. तिला त्या काळातल्या शिवणाऱ्यांच्या लिखाणाचा आधार मिळत नाही. मुद्दाम केलेलं असतं ते वेगळंच: कापड संपल्यावर मिळताजुळता मंद तुकडा शोधायचा की बिनधास्त दुसरा पिवळा लावायचा, ही निवड. ज्यांनी दुसरा रस्ता धरला त्यांची क्विल्ट आज संग्रहालयांत भिंतीवर आहेत, असं माझं निरीक्षण आहे.

८. पिवळ्यावरून क्विल्टचं वय सांगता येतं का?

एकट्या पिवळ्यावरून नाही. क्रोमचे पिवळे-नारिंगी १८४० च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात होते, हा पट्टा फार मोठा. वय सांगतात ते त्याचे सोबती. मंजिष्ठाचे तपकिरी आणि डबल पिंक यांच्या गर्दीत पिवळा असेल तर बहुधा १८६० ते १८९०. दारूसारखा गडद लाल, काळे-राखाडी छापे आणि निळीचे तुकडे जास्त असतील तर १८९० ते १९१०.

नियम एकच लक्षात ठेवा: क्विल्टमधलं सर्वांत नवं कापड पकडायचं. वीस तुकडे १८५० चे आणि एक १८९५ चा असेल, तर क्विल्ट १८९५ च्या आधीचं असू शकत नाही. आजीच्या बोचक्यातले तुकडे नातीने जोडणं काही आपल्याकडेच घडत नाही.

आता दक्षिणेची गंमत. १८७० नंतर एकरंगी सुती कापडात कृत्रिम हिरवे आले. त्यांतले बरेच उन्हात आणि धुण्यात उतरून खाकी झाले. शेजारचा क्रोम नारिंगी मात्र होता तसाच राहिला. त्यामुळे आज जे 'मातकट जमिनीवर एकच झगझगीत नारिंगी' दिसतं, ते मुळात हिरवं, लाल, नारिंगी असं पूर्ण रंगीत होतं. शिवणीच्या आतली दडलेली कड उघडी पडली असेल तर तिथे कधी कधी मूळ हिरवा दिसतो.

आणखी एक उपाय म्हणजे अतिनील टॉर्च. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कापड-दोऱ्यांत चमक आणणारी द्रव्यं असतात, ती निळसर चमकतात. पण जुनं क्विल्ट आजच्या साबणाने धुतलं असेल तर तेही चमकतं, म्हणून नुसत्या टॉर्चवर निकाल देऊ नका.

९. १९३० च्या सुमाराच्या क्विल्टमधला पिवळा वेगळा का वाटतो?

कारण तो वेगळाच आहे. सुती कापडाला थेट बसणारे कृत्रिम रंग १८८४ पासून आले आणि पुढे कापडाची सगळी तऱ्हा फिकट, गोड छटांकडे वळली. 'ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन' या षटकोनी फुलांच्या नक्षीत मधला षटकोन पिवळा ठेवण्याचा प्रघात याच काळात पक्का झाला. तो पिवळा लोण्यासारखा मऊ आहे, नीटनेटका आहे. मला त्यात जुन्याची धमक सापडत नाही, पण शेकडो रंगीत पाकळ्यांना तो एका सूत्रात धरतो हे खरं.

१०. काही जुन्या क्विल्टमध्ये पानं निळी आहेत. अशी कल्पना का केली असेल?

कल्पना नाही, पिवळा उडाला आहे. हिरवा रंग निळीवर पिवळा चढवून करत. निळ पक्की, वरचा वनस्पतीजन्य पिवळा कच्चा. तो गेला की पान निळं. कोरोमंडल किनाऱ्यावरून युरोपात जाणाऱ्या आपल्याकडच्या चिटाच्या कापडांतही हेच झालं आहे, त्यांच्या वेलींची पानं आज निळी दिसतात. क्वचित उलटही घडतं: निळा उतरतो आणि पान पिवळट राहतं. तेव्हा खालचा पिवळा बहुधा क्रोमचा असतो.

११. लॉग केबिन नक्षीतला मधला पिवळा चौकोन म्हणजे खिडकीतला दिवा, हे खरं का?

गोष्ट छान आहे: लाल मध्य म्हणजे चूल, पिवळा म्हणजे दिवा. पळून आलेल्या गुलामांना त्या दिव्याने खूण केली जाई, असंही जोडतात. ही नक्षी १८६० च्या दशकापासून फोफावली, आणि या अर्थांना त्या काळातला पुरावा नाही. त्या नक्षीत पट्ट्या मधल्या चौकोनाभोवती फिरत जातात, म्हणून तिथे उठावदार रंग हवाच असतो. एवढं कारण पुरेसं आहे.

१२. पिवळ्या तुकड्यांवर तपकिरी-काळसर छाया आली आहे. मळ आहे का?

बहुधा नाही. लेड क्रोमेटमधलं शिसं हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी संयोग पावून काळं लेड सल्फाइड होतं. ज्या घरांत कोळसा जळे तिथे हे सहज घडे. लोकरी कपडे आणि रबर यांतूनही गंधकयुक्त वायू सुटतात, म्हणून असं क्विल्ट स्वेटर-शालींच्या पेटीत ठेवू नका.

दुसरा बदल आम्ल-अल्कलीचा. साबण-सोड्याने पिवळा नारिंगीकडे सरकतो, आम्लाने नारिंगी पिवळ्याकडे. एकाच तुकड्यावर पिवळे-नारिंगी ढग दिसले तर हे कारण धरा. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये सूर्यफुलं रंगवली तीही क्रोमच्या पिवळ्यानेच, आणि त्या चित्रांतला पिवळा उजेडाने काळवंडतो हे रसायनतज्ज्ञांनी दाखवलं आहे.

१३. घरी धुऊ का?

नको. कारणं वरच्या आणि खालच्या उत्तरांत आहेत. धूळ काढायची असेल तर क्विल्ट सपाट अंथरा, वर जाळीचं कापड ठेवा आणि मंद ओढीच्या व्हॅक्युमने जाळीवरून धूळ ओढून घ्या. पुढचं काम वस्त्रसंवर्धकाचं.

१४. शिसं म्हणजे विष. असं क्विल्ट अंगावर घ्यावं का? बाळाला?

बाळाला अजिबात नाही. बाळ कापड चोखतं, आणि लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नसलं तरी पोटातल्या आम्लात त्यातलं शिसं सुटतं. शिवाय त्यातलं क्रोमियमही घातक प्रकारचं आहे. मोठ्यांनी पाहावं, उलगडावं, घडी करावी आणि हात धुवावेत. विरलेला पिवळा तुकडा कुरतडू नये, त्याची भुकटी श्वासात जाऊ देऊ नये. रोजच्या पांघरुणासाठी आजच्या कापडाचं शिवा.

कापडात हा रंग आहे की नाही हे पाहायला घरी व्हिनेगर किंवा सोडा लावून बघू नका, तुकडा कायमचा बिघडेल. संग्रहालयांत क्ष-किरणांच्या यंत्राने कापडाला धक्का न लावता शिसं ओळखतात.

हा रंग आपल्या स्वयंपाकघरापर्यंतही पोचलेला आहे. हळदीला तेज यावं म्हणून लेड क्रोमेट लावण्याचा प्रकार बांगलादेशात २०१९ मध्ये संशोधकांनी उघड केला, आणि आपल्याकडेही हळदीच्या भेसळीत त्याचं नाव येतं. हळकुंड फार चकचकीत, सारखं पिवळं दिसलं तर घेऊ नका.

१५. हळदीत रंगवून तसा पिवळा मिळेल का?

पहिल्या दिवशी मिळेल, त्याहून सुंदरही मिळेल. हळद सुती कापडाला तुरटीशिवायही धरते, हे रंगवणाऱ्यांना ठाऊक आहे. पण ती उन्हात फार लवकर उडते. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे अल्कलीने हा पिवळाही बदलतो, क्रोमचाही बदलतो, पण हळदीचं कारण करक्यूमिन हे वेगळं रसायन. आणि हळदीचा लाल धुतल्यावर परत पिवळा होतो. टिकाऊ नैसर्गिक पिवळा हवा असेल तर तुरटी देऊन डाळिंबाच्या सालीत रंगवा. तो मोहरीसारखा, थोडा शांत येतो.

१६. जीझ बेंडच्या क्विल्टमधला पिवळाही याच परंपरेतला का?

नाही, त्याची कहाणी स्वतंत्र आहे. अलाबामातल्या विल्कॉक्स काउंटीत नदीच्या वळणावर वसलेलं हे कृष्णवर्णीयांचं गाव. कापड म्हणजे कामाचे विटलेले कपडे, डेनिम, पोती. पिवळा तिथे सापडेल तेव्हा येई आणि सापडेल तेवढा. १९६६ मध्ये त्या परिसरात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये तिला सिअर्स कंपनीसाठी कॉर्डुरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचं काम मिळालं. त्यातल्या उरलेल्या पट्ट्या घरोघरी गेल्या. त्यांत सोनेरी पिवळा होता, शेंदरी होता, हिरवा होता. त्या जाड, रेघारेघांच्या कापडावर बारीक नक्षी जमत नाही, म्हणून मोठ्या पट्ट्या आणि मोठे चौकोन आले. सोनेरीची ती रुंद पट्टी पाहिली की कळतं, कापडाची अडचणही रचना घडवते. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ही क्विल्ट लागली, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली.

१७. आपल्या गोधडीत किंवा कवंदीत पिवळ्याचं असं काही आहे का?

गोधडीत रंग येतो तो घरातल्या लुगड्यांमधून, त्यामुळे पिवळा येतो तो कोणाच्या तरी अंगावरून. हळदीची पिवळी साडी जुनी झाल्यावर गोधडीत गेली, असं अनेक घरांत घडलं आहे. वरून दाट धावदोरा जातो, पांढऱ्या दोऱ्याच्या रांगा पिवळ्यावर पडल्या की तो थोडा मवाळ होतो. म्हणून गोधडीत पिवळा बिनधास्त मोठा घेता येतो.

उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी बायका कवंदी शिवतात. यांचे पूर्वज आफ्रिकेतले, त्यांतले बरेच गोव्याच्या पोर्तुगीजांकडून सुटून घाटावर गेलेले, आणि अनेकांच्या घरात आजही कोकणी बोलली जाते. कवंदी कडेपासून सुरू होते आणि फिरत फिरत मध्यावर संपते. चारही कोपऱ्यांत घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. त्यांशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. तिथे पिवळा लाल-निळ्याला टेकून येतो, फिकटाची जागा वगैरे विचार न करता, आणि तरीही पाचव्या प्रश्नातलं सगळं तिथे घडताना दिसतं.

१८. नव्या कापडात जुन्यासारखा पिवळा कुठे शोधू?

महागड्या आयात कापडाआधी गावातल्या मॅचिंग सेंटरमध्ये जा. ब्लाउजपिसांच्या त्या भिंतीवर पिवळ्याच्या जेवढ्या छटा एका रांगेत मिळतात तेवढ्या कुठेच नाहीत. शुद्ध सुती मागा, मिश्र धाग्याचं कापड चमकतं आणि जुन्या तुकड्यांत परकं वाटतं. लिंबू, झेंडू आणि त्यांच्या मधला असे तिन्हींचे पाव-पाव मीटर घ्या. एकाच छटेपेक्षा तिन्ही मिसळलेले जास्त जुने वाटतात, कारण सातव्या प्रश्नात सांगितलं ते. दुकानातून कापड दारापाशी उजेडात नेऊन पाहा. कापण्याआधी भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबा, रंग सुटत असेल तर पुन्हा पुन्हा धुवा.

१९. प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

नेब्रास्कातल्या लिंकन शहरातलं आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय सर्वांत आधी. तिथे दक्षिण आशियातल्या गोधड्याही आहेत. व्हर्माँटचं शेलबर्न संग्रहालय, डेलावेअरचं विंटरथर आणि न्यूयॉर्कचं अमेरिकन फोक आर्ट म्युझियमही पाहावं. न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्यांना पेन्सिल्व्हेनियाच्या जर्मन काउंट्या गाडीने जवळ आहेत. जायच्या आधी प्रदर्शनात सध्या काय लावलंय ते विचारा, कारण उजेडाने कापड झिजतं म्हणून क्विल्ट आळीपाळीने मांडतात. घरबसल्या 'क्विल्ट इंडेक्स' हा मोफत संग्रह बघता येतो.

२०. आमच्याकडे आलेल्या जुन्या क्विल्टमधला पिवळा तुकडा विरला आहे. काढून नवा लावू का?

काढू नका. विरलेला तुकडाच त्या कापडाचा एकमेव पुरावा आहे, आणि उसवताना शेजारची शिवणही सुटते. त्यावर त्याच मापाची, पिवळ्या छटेची तलम जाळी ठेवा आणि बारीक सुती दोऱ्याने फक्त कडेच्या जुन्या शिवणीत टाके घ्या, विरलेल्या कापडात सुई घालू नका. जाळीखालून जुना रंग दिसत राहतो, आणि उद्या कोणाला जाळी काढावीशी वाटली तर दोरा कापला की झालं. काम झाल्यावर क्विल्ट धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. डांबरगोळ्याही नकोत. दर काही महिन्यांनी घडीची जागा बदला, नाहीतर पिवळा आधी घडीवरच फाटेल.